अक्षर मिटल्यावर पक्षी कुठे जातो

टीचर फोन उलटा करायच्या आणि त्याच्या पाठीला आपल्या हाताची मागची बाजू लावून थांबायच्या. तापलेल्या मुलाचं कपाळ बघतात, तसं. डोळे बारीक, मान जरा कललेली. मग फोन खाली ठेवून वहीत काहीतरी लिहायच्या. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. फोनच्या आत काय चाललंय त्याचे आलेख काढणारी सॉफ्टवेअरं आमच्याकडे होती, आणि या बाई हात लावून ताप बघत होत्या.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि ऑफिसात त्यांना नावाने हाक कोणी मारलीही नाही. वसईत अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. शाळा सोडून वर्षं लोटली तरी बाजारात, चर्चच्या पायरीवर, बसमध्ये, जो तो त्यांना 'टीचर' म्हणतो आणि बसायला जागा देतो.

माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या अगदी वर, दुसऱ्या मजल्यावर आमची लहानशी कंपनी होती. माणसं सात. मोबाइलची ऍप्स बनवायचो. त्या वर्षी लहान मुलांना मराठी अक्षरं गिरवायला शिकवणारं ऍप हाती होतं. मुलाने यादीतून एक अक्षर उघडायचं, बोटाने गिरवायचं, मग मिटायचं. वरच्या कोपऱ्यात फांदीवर एक निळा खंड्या बसलेला असायचा, पंख हलवत. प्रत्येक फडफडीला फडकं झटकल्यासारखा हलका आवाज. अक्षर जमलं की खंड्या टुणकन उडी मारायचा. पंख हलवायचं काम माझ्याकडे होतं. माझी पहिलीच नोकरी. मी मूळची कराडची, उमेळ्याला वाडी तोडून उभ्या राहिलेल्या एका नव्या इमारतीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायचे, आणि गावी आईला फोनवर सांगायचे की पक्षी मी केलाय.

अक्षरं बरोबर गिरवली जातायत का, हे बघायला कोणीतरी जाणतं हवं म्हणून आमच्या सरांनी टीचरांना आणलं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, नंदाखालच्या. आठवड्यातून तीन दिवस यायचं, असं ठरलं होतं. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत बहिणीने कॅनडाहून पाठवलेला तिचा वापरून झालेला फोन. आमच्या फोनांपेक्षा तो चार पिढ्या मागे होता. टीचर सगळी तपासणी त्याच्यावरच करायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी खंड्याला पकडलं. 'ळ'चं शेवटचं वळण पूर्ण व्हायच्या आत तो उडी मारत होता.

"मुलाने बोट उचललेलं नाही अजून," त्या म्हणाल्या.

"पण अक्षर झालंय ना, टीचर," मी म्हटलं.

"तुला झालेलं दिसतंय. त्याला अजून काढायचं आहे."

मी दुरुस्त केलं. मग ते वाक्यच ऑफिसात रूढ झालं. मीटिंगमध्ये कोणी बोलत असताना सर मध्येच घुसले की टीचर शांतपणे म्हणायच्या, "सर, त्याने बोट उचललेलं नाही अजून." आणि सर, जे कोणाचंही ऐकत नसत, ते गप्प बसायचे. कुठल्या तरी जुन्या वर्गातल्या बाकावर जाऊन बसल्यासारखे.

चूक झाली की स्क्रीनवर लाल फुली यायची. टीचर म्हणाल्या, फुली काढा.

"मग मुलाला कळणार कसं चुकलं ते?" सरांनी विचारलं.

"परत दाखवा. कळेल."

"आणि परत चुकलं तर?"

"परत दाखवा."

"असं किती वेळा, टीचर?"

त्यांनी खरंच विचार केला. "मी एकतीस वर्षं दाखवत होते," त्या म्हणाल्या.

फुली गेली.

'ण'साठी आम्ही पाण्याचा हंडा ठेवला होता. त्यावरून त्यांनी एकदा सांगितलं की त्यांच्या वर्गात बंदराकडची मुलं यायची, ती सगळी 'पानी' म्हणायची. "त्यांची आई घरी पानी म्हणते. आई चुकते असं मी कसं सांगायचं? मी म्हणायचे, घरी पानी, शाळेत पाणी. तहान दोन्हीने भागते." मग स्वतःशीच हसून म्हणाल्या, "मी तरी घरी कुठे अशी बोलायचे."

ते खरं होतं. ऑफिसात टीचर छापल्यासारखं मराठी बोलायच्या. आम्ही हिंदी, इंग्रजी, मराठी एकत्र कालवून बोलायचो. पण संध्याकाळी सहा वाजता, बहिणीकडे कॅनडात सकाळ झालेली असायची तेव्हा, त्या जिन्यात जाऊन फोन करायच्या आणि तिथून वेगळ्याच बाईचा आवाज यायचा. मोठा, भरभर, मध्येच खळखळून हसणारा. गावाकडच्या त्यांच्या बोलीत चाललेलं असायचं सगळं. मला निम्मंही कळत नसे. फोन संपला की काही वेळ जिन्यात काहीच ऐकू यायचं नाही. मग टीचर आत येऊन पिशवी उचलायच्या आणि छापील मराठीत म्हणायच्या, "येते मी."

एकदा मी विचारलं, घरी कोण असतं. "मी असते," त्या म्हणाल्या. लग्न केलं नव्हतं. आईवडिलांचं केलं, मग भावाचं आजारपण. भाऊ गेला, बहीण परदेशी स्थायिक. "ही बोली आता मी फक्त फोनवर बोलते. शेजारी मालतीण म्हणून एक म्हातारी आहे, तिच्याशी थोडी." नंतर मला जरा समजावल्यासारखं म्हणाल्या, "बोलायला माणसं आहेत तशी. चर्चला भेटतात रविवारी."

तीन दिवस यायचं ठरलं होतं, पण त्या बहुतेक पाचही दिवस यायच्या. सर एकदा म्हणाले, "टीचर, आज मंगळवार."

"हो ना. 'क्ष' राहिला होता."

'क्ष' आदल्याच दिवशी झालेला होता. सरांनाही माहीत होतं. टीचर खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. दुपारी तिथेच डबा उघडला, आणि केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी सगळ्यांच्या टेबलावर एकेक ठेवली. वसईची ती वाळवलेली केळी मी तोवर खाल्ली नव्हती. मधासारखी लागतात.

त्यांच्या वहीविषयी सांगायला हवं. आमच्याकडे चुका नोंदवायची एक ऑनलाइन यादी होती. टीचरांना ती पटायची नाही. त्या वहीत शाईच्या पेनाने, पूर्ण वाक्यांत लिहायच्या आणि ते मी यादीत टाकायचे. "'ट' पूर्ण झाल्यावर पक्षी आनंदित होतो, परंतु 'ठ'च्या वेळी तो उदासीन राहतो. कारण समजले नाही." अशी वाक्यं आम्ही एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचो. हसायचो, पण बाहेरच्या कोणी हसलेलं आम्हाला चाललं नसतं.

मग एक दिवस वहीत लिहून आलं: "सोळावे अक्षर उघडल्यानंतर फोन गरम होतो. पंचविसाव्याच्या आसपास ऍप आपोआप बंद पडते."

मी माझ्या फोनवर पंचवीस अक्षरं उघडून मिटली. काही झालं नाही. यादीत लिहिलं, 'आढळले नाही', आणि नोंद बंद केली.

दोन दिवसांनी वहीत पुन्हा तेच. या वेळी कुठल्या अक्षराला किती गरम, तेही. मी म्हटलं, "टीचर, तुमचा फोन जुना झालाय. जुने फोन गरम होतात."

"मुलांच्या हातात नवा कोण देतो?"

"पण माझ्याकडे होतच नाहीये."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. मला वाटलं, पहिलीतल्या मुलाने विचारावा असा आहे. "अक्षर मिटल्यावर पक्षी कुठे जातो?"

"कुठेच नाही. संपतो."

"नक्की?"

"नक्की, टीचर. स्क्रीन गेली की सगळं जातं."

"तू बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. माझ्या पुढ्यात दहा कामं होती, आणि ज्या बाईंना कोडची एक ओळ वाचता येत नव्हती त्या मला बघितलंस का म्हणून विचारत होत्या. "हो, बघितलंय," मी म्हटलं आणि दुसऱ्यांदा नोंद बंद केली. टीचरांनी मान हलवली, वही मिटली. खाली रिक्षावाले भाड्यावरून वाद घालत होते, नेहमीसारखे.

एका संस्थेला हे ऍप आपल्या शाळांमध्ये द्यायचं होतं. परदेशातल्या देणगीदारांनी वापरलेले टॅब त्यांना पाठवले होते. विरारच्या पुढे त्यांच्या एका शाळेत ऍप दाखवायचं ठरलं. सर, मी आणि टीचर गेलो. दुसरीच्या वर्गातली पंधरा-सोळा मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती, मागे त्यांच्या बाई, संस्थेच्या मॅडम. सुरुवात इतकी छान झाली की सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मुलं खंड्याशी बोलत होती. टीचर त्यांच्यात खाली जाऊन बसल्या होत्या आणि एका मुलीचं बोट धरून 'झ' काढून घेत होत्या. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या-पाऊण तासाने एका मुलीने हात वर केला. "बाई, गेला."

"कोण गेला?"

"पक्षी."

टॅबवर नुसती काळी स्क्रीन होती. मग दुसरा हात वर झाला, मग तिसरा. एकेक टॅब बंद पडत गेला. मुलं रडली नाहीत, गडबडही केली नाही. बंद टॅब मांडीवर घेऊन हात वर करून बसून राहिली. ते सगळे वर झालेले हात मला अजून दिसतात. संस्थेच्या मॅडम खूप सौजन्याने म्हणाल्या, "आम्ही विचार करून कळवतो."

परत येताना आम्ही तिघं एका रिक्षात. सर एका कडेला, टीचर दुसऱ्या, मी मध्ये. मग सर समोर बघत म्हणाले, "टेस्टिंगमध्ये हे दिसलं नव्हतं?"

प्रश्न कोणाला होता ते कळत नव्हतं. उत्तर माझ्याकडे होतं. दोनदा लिहून आलेलं, दोनदा मी बंद केलेलं. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. मला माझी पहिली नोकरी दिसत होती, आईला केलेले फोन दिसत होते. मी मांडीवरच्या बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले.

टीचर रिक्षाबाहेर बघत होत्या. "माझ्याकडून राहून गेलं," त्या म्हणाल्या.

सरांनी एक उसासा सोडला. "असू दे, टीचर. होतं."

मी तेव्हाही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी टीचरांना आत बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनी नीट सांगितलं असणार. अक्षरांचं काम तसं संपतच आलंय, पुढे लागलं तर कळवू, असं काहीतरी. टीचर बाहेर आल्या, बेसिनवर जाऊन आपला कप धुतला, पुसला आणि पिशवीत ठेवला. सगळ्यांना "येते मी" म्हणाल्या. माझ्या टेबलाशी येऊन वही ठेवली. "यात बघ. तुला लागेल."

मी मान वर केली नाही. कंप्युटरवर काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं दाखवत राहिले. त्यांच्या चपलांचा जिन्यातला आवाज ऐकला.

वही मी दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. शाळेच्या वहीसारखी रेघा मारून कोष्टकं केलेली होती. कुठलं अक्षर, कितीदा उघडलं, कितीदा मिटलं, फोन कोमट की गरम. एकाच संध्याकाळी 'अ' चाळीस वेळा उघडून मिटलेला. आणि त्या कोष्टकाच्या खाली, जे त्यांनी यादीत टाकायला मला कधी दिलं नव्हतं, ते लिहिलेलं होतं:

"अक्षर मिटल्यावरही पंखांचा आवाज येत राहतो. अतिशय बारीक. पुढचे अक्षर उघडले की त्यात आणखी एक आवाज मिसळतो. फोन कानाशी धरून खात्री केली. कार्यालयात हा आवाज ऐकू येत नाही. घरी दुसरा आवाज नसतो, म्हणून लक्षात आले असावे. कदाचित मला भास होत असेल, त्यामुळे कळवले नाही."

ते शेवटचं वाक्य मी किती वेळ वाचत बसले होते कोण जाणे.

मग मी ऑफिसच्या कपाटातून सगळ्यात जुना टॅब काढला आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या बंद दाराशी जाऊन बसले. तिथे रस्त्याचा आवाज कमी येतो. 'अ' उघडला, मिटला. 'आ' उघडला, मिटला. दहा अक्षरं झाल्यावर ऍपमध्ये अक्षरांची नुसती यादी दिसत होती, खंड्या कुठेच नव्हता, आणि टॅब कानाला लावल्यावर आतून फडफड येत होती. एकाची नाही. कितीतरी.

झालं होतं ते असं. पंख हलवायला मी एक टायमर लावला होता. तो सेकंदाला साठ वेळा स्क्रीनला सांगतो, हलव. सांगायचं कोणाला हे विसरू नये म्हणून तो स्क्रीनला घट्ट धरून ठेवतो. आणि फोनचा नियम असा, की ज्याला कोणीतरी धरून ठेवलंय त्याला मेमरीतून काढायचं नाही. टायमर थांबवायची ओळ मी लिहिली होती, पण भलत्या ठिकाणी. स्क्रीन मेमरीतून जाईल तेव्हा जाता जाता टायमर थांबवेल, अशी. टायमरने धरून ठेवल्यामुळे स्क्रीन जाणारच नव्हती, आणि स्क्रीन जात नाही म्हणून टायमर थांबणार नव्हता. प्रत्येक नव्या अक्षराबरोबर नवा पक्षी येत होता आणि आधीचे सगळे, कोणाला दिसत नसताना, पंख मारत होते. माझ्या नव्या फोनमध्ये जागा इतकी होती की त्याला पत्ताच लागला नाही. जुना टॅब पंचविसाव्याला थकायचा.

दुरुस्ती सहा ओळींची होती. टायमरने स्क्रीनला धरायचं नाही, फक्त तिची खूण ठेवायची. ती गेलेली असेल तर आपण थांबायचं. शिवाय अक्षर मिटतानाच टायमर बंद करायचा, स्क्रीन जायची वाट बघायची नाही. एवढंच. प्रोग्रामिंगच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीच्या चुकांमध्ये सांगितलेलं असतं. मी वाचलेलंही होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. रिक्षातलंही सांगितलं. ते खूप वेळ कोष्टकं बघत राहिले. रागावले, पण माझी अपेक्षा होती तेवढे नाही. "दोनदा लिहिलं होतं त्यांनी?"

"दोनदा."

"आणि तू बाजूला बसून ऐकत होतीस."

"हो."

"मला नको सांगूस. त्यांना सांग जाऊन."

फोनवर टीचर एवढंच म्हणाल्या, "रविवारी ये. चर्चमधली मिस्सा झाल्यावर असते मी घरी."

नंदाखालला त्यांचं घर वाडीत आत होतं. रस्त्यावरून उतरून केळींच्या मधून पायवाट जाते. अंगणात पांढरा क्रूस, त्यापुढे विझलेली मेणबत्ती. घर जुनं नव्हतं, मोठं होतं. बहिणीने सुट्टीत येऊन राहता यावं म्हणून वरचा मजला चढवलेला. वरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. टीचर अजून चर्चच्या साडीत होत्या. त्यांनी मला ओटीवर बसवलं, पाव आणि केळ्याचा हलवा दिला, आणि मी खाईपर्यंत एक शब्द बोलू दिला नाही.

मग मी त्यांच्या फोनवर नवं ऍप टाकलं. त्यांनी अक्षरं उघडायला सुरुवात केली. उघडायचं, मिटायचं. तीस अक्षरं. मी नुसती बसून. तेव्हा मला कळलं, त्या घरात किती शांतता होती. पंखा बंद होता. वाडीत पानं हलत होती, ती आत ऐकू येत होती. टीचरांनी फोन कानाशी धरला आणि डोळे मिटले.

"थांबला," त्या म्हणाल्या.

"भास नव्हता तुमचा, टीचर."

त्यांनी मान हलवली. मग मी काय झालं होतं ते सांगितलं, टायमरचं, धरून ठेवण्याचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण नुसती खूण ठेवल्यावर स्क्रीन गेली हे टायमरला कळतं कसं?" मी सांगितलं की दर वेळी हलव म्हणण्याआधी तो बघतो, कोणी आहे का. त्यांचं समाधान झालं. आमच्या ऑफिसात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"त्या दिवशी रिक्षात मी बोलायला हवं होतं," मी म्हटलं.

"हो. हवं होतं."

मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे. त्या तसं म्हणाल्या नाहीत. बशीतले पावाचे कण गोळा करून त्यांनी अंगणात टाकले.

"तुम्ही का म्हणालात तसं?"

"तुझी पहिली नोकरी. माझं काय जाणार होतं, असं मला वाटलं." मग वाडीकडे बघत त्या म्हणाल्या, "मग सोमवार आला."

सरांनी त्यांना परत बोलावलं. संस्थेनेही ऍप घेतलं. वर्षभर टीचर खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या आणि वाराचं कोणी विचारलं नाही. त्या वर्षात मी त्यांच्याकडून 'बघितलंस का' ऐकायला शिकले. उत्तर द्यायच्या आधी बघायला शिकले.

मग काम वाढलं आणि कंपनी गोरेगावला हलली. टीचरांना रोज तेवढं जमण्यासारखं नव्हतं, गुडघे दुखायचे. सरांनी सांगितलं, घरून तपासा, मोबाइलवर कळवा. वहीऐवजी आता त्यांचे मेसेज मला यायला लागले. तशीच पूर्ण वाक्यं. "आज 'घ' ते 'ञ' तपासले. दोष आढळला नाही." हळूहळू त्याखाली आणखी ओळी यायला लागल्या. "दुपारी केळफूल काढले." "मालतिणीच्या सुनेला मुलगी झाली." "आज दिवसभर वीज नव्हती, परंतु फोन चार्ज होता." मी गोरेगावच्या नव्या ऑफिसात, कानात हेडफोन घालून, त्यांना अंगठा पाठवायचे. पिवळा, वर केलेला अंगठा. मेसेज वाचला याची पोच म्हणून. कधी दोन मेसेजना मिळून एक.

आणि एक दिवस मेसेज आला की डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर बहीण आपल्याला कॅनडाला नेणार आहे, तिथे बोलीत बोलायला बहीण तरी आहे. "तपासणीचे काम तेथून करता आले असते, पण नंबर बदलेल. तू कळवशील तसे." मी लिहिलं, 'अरे वा टीचर, मस्त. जाण्याआधी भेटू.' आणि त्या आठवड्यात नवी आवृत्ती निघायची होती, पुढच्या आठवड्यात आणखी काही. मी गेले नाही. मग तो नंबर लागेनासा झाला.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एकीचं लग्न आगाशीला होतं. जेवण झाल्यावर मी रिक्षा करून नंदाखालला गेले. टीचर नाहीत हे माहीत असून गेले. केळींमधली पायवाट होती तशीच. घराला कुलूप. खालच्या खिडक्याही आता बंद होत्या. अंगण झाडलेलं होतं, क्रूसापुढे ताजं फूल होतं. मी ओटीच्या पायरीवर बसले.

शेजारच्या वाडीतून एक म्हातारी आली, मालतीणच असणार, हातात कोयता. मला टीचरांच्या नात्यातली समजून ती त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी बोलायला लागली. मला कळेना. मी म्हटलं, "आजी, मला ही बोली येत नाही. मी टीचरांच्या ऑफिसातली."

तिने मला नीट बघितलं. मग एकेक शब्द जुळवत, शाळेतल्यासारख्या मराठीत म्हणाली, "ती फोन करते मला रविवारचा. दर खेपी विचारते, कोणी आलं होतं का घराकडं."

"तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू? कोण येतंय." तिने कोयता पायरीला टेकवून ठेवला आणि माझ्या शेजारी बसली. "आता सांगेन. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं. चुकू नये म्हणून तिने ते दोनदा म्हणून घेतलं.